अप्पांचा लाल शेरा

प्रिय रेवण,

पार्सल सोडल्यावर तू आधी चटणीचा डबा हुडकला असणार आणि हा कागद बाजूला टाकला असणार, हे मला इथं बसून दिसतंय. माझी हरकत नाही. आधी खा, हात धू, मग सावकाश वाच. कागदाला तेलाचे डाग दिसतील, ते माझ्याच बोटांचे. दुकानात बसून लिहितेय. दुपारची वेळ आहे, आणि सात रस्ता चौकात ऊन असं पडलंय की रिक्षावाल्यांनीसुद्धा हाका मारायचं सोडलंय. आत अव्वा आणि मदतीला येणारी केराबाई भाकऱ्या थापतायत. त्यांच्या गप्पा मला थापण्याच्या आवाजात अर्ध्याच ऐकू येतात, पण तेवढ्यावरून कळतं की केराबाईच्या सुनेचं काहीतरी बिनसलंय. अप्पा मैंदर्गीला काकांकडे गेलेत, शाळू ज्वारीची पोती आणायला. रविवारी येतील. ते इथं असते तर हे पत्र झालंच नसतं. माझ्या हातात कागद दिसला की कुणाला लिहितेस म्हणून विचारणार, आणि मला त्यांच्याशी खोटं बोलायला कधी जमलेलं नाही.

गेल्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, अक्का, मी जर्मनीला चाललोय याचं अप्पांना काहीच वाटलं नाही का गं. मी गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला. गिऱ्हाईक-बिऱ्हाईक काही नव्हतं. अप्पा माझ्या शेजारीच पोत्यावर बसून शेंगदाणे निवडत होते, त्यांच्यादेखत मी काय बोलणार होते? तुझा आवाज पडलेला होता ते मला कळलं. वरवर हसून बोलत होतास, पण मी तुला झोळीत असल्यापासून ओळखते. त्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात येत नाही, बाबा. ते सांगायचं तर तुझ्या त्या मशीनपासून सुरुवात करावी लागते.

दिवाळीत तू आपल्या दुकानाचं ते ऑनलाइन ऑर्डरचं करून दिलंस, त्यासोबतच ते भावना ओळखणारं मशीनही जोडून दिलंस. तुझ्या ऑफिसात तुम्ही तेच करता म्हणून सांगितलं होतंस. लोकांनी लिहिलेली हजारो वाक्यं मशीनला दाखवायची, हे आनंदाचं, हे रागाचं, हे नुसतंच, असं सांगत बसायचं, की हळूहळू ते आपलं आपण ओळखायला लागतं. आनंदाला हिरवा, रागाला नि दुःखाला लाल, बाकीच्याला राखाडी. गिऱ्हाइकांचे शेरे आले की रंग बघायचा आणि लाल दिसला की लगेच फोन करून माफी मागायची, असं मला बजावलं होतंस. आणि पहिलाच लाल आला तो लातूरच्या एका माणसाचा. चटणी खाल्ली आणि रडलो, कान तापले, नाक वाहिलं, जीव जातो का राहतो असं झालं, असं त्यानं लिहिलं होतं. मी मुकाट्यानं फोन लावून माफी मागितली. माणूस बिचारा गोंधळला. अहो ताई, मी तर कौतुक केलंय, अजून दोन किलो पाठवा म्हणाला. तुला सांगितल्यावर तू सुट्टीचा अर्धा दिवस घालवून मशीनला समजावलंस की चटणीच्या बाबतीत डोळ्यांतून पाणी येणं चांगलं असतं.

आणि दुसरा एक आठवतो का तुला, मशीननं अगदी हिरवागार दाखवलेला? चव बरी आहे, पॅकिंग सुरेख आहे, आपल्या व्यवसायास मनःपूर्वक शुभेच्छा. मी तो अव्वाला वाचून दाखवला. तिनं भाकरी उलटता उलटता एवढंच म्हटलं, ह्यो काय परत येत न्हाय. आणि खरंच, त्याची पुन्हा कधी ऑर्डर आली नाही. लातूरवाला मात्र दर महिन्याला मागवतो आणि दर महिन्याला काहीतरी नवीन शिवी लिहितो. मागच्या वेळी लिहिलं होतं, तुमच्या चटणीनं माझा संसार मोडणार, बायको म्हणते तिला विचारूनच डबा उघडायचा. अव्वा त्याला आपला लातूरचा पाव्हणा म्हणते. त्याच्या डब्यात ती मूठभर जास्त घालते.

आता संक्रांतीतली गड्ड्याची यात्रा आठव. तू आला होतास, रात्रीची जेवणं व्हायची होती, आणि तू लॅपटॉप काढून आपल्या घरच्या ग्रुपवरचे सगळे मेसेज त्या मशीनमध्ये घातलेस. गंमत म्हणूनच. प्रत्येकाच्या नावापुढं रंगीत पट्टी आली. अव्वाची राखाडी, कारण आईचं एकच असतं, जेवला का. माझी निम्मी-निम्मी. आमच्या ह्यांची, म्हणजे जोतीरामांची, पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवी. जावईच ते, सासऱ्याच्या ग्रुपवर दुसरं काय लिहिणार. आणि अप्पांची लाल. नुसती लाल. मशीननं त्यातली सगळ्यात लाल वाक्यंसुद्धा काढून दाखवली होती. अजून झोपला न्हाईस व्हय रे, आंधळा हो जागून जागून. त्या हाटेलात खाऊन मरायचं ठरीवलंय का. भाड्याच्या खोलीला कुलूप हाय का उगड्यावर पडलाय. पगार झाला की पैसं उडीव, मग उपाशी बस, आमी काय करायचं. आपण पोट धरून हसलो. केराबाई आतून काय झालं बघायला आली. अप्पापण हसले.

तेव्हा तू एक वाक्य बोललास, ते तुला आठवतही नसेल. तू म्हणालास, मी हे आमच्या ऑफिसात दाखवलं, सगळे लई हसले, साहेबसुद्धा. अप्पांनी विचारलं, साहेबांनी बगितलं? तू हो म्हणालास आणि ताट ओढून घेतलंस. पुढं यात्रेच्या गप्पा निघाल्या. मीसुद्धा त्या वेळी काही मनावर घेतलं नाही, कारण अप्पा नेहमीसारखेच जेवले आणि भाकरी मऊ पडली म्हणून मला चार शब्द ऐकवून उठले.

तू पुण्याला गेलास आणि पंधरा दिवसांत ग्रुपवर गुलाबाची फुलं यायला लागली. सुप्रभात. आपला दिवस आनंदात जावो. तू प्रमोशनचं सांगितलंस तर, वा, खूप छान. तू आजारी पडलास तर, काळजी घे, लवकर बरा हो. तुझा मला फोन आला, अक्का, अप्पा किती मवाळ झालेत गं, रिटायर झाल्यावर माणूस बदलतो बघ. तू खुशीत होतास. मीपण म्हटलं, चला, नाकावरचा राग उतरला, बरंच झालं. जळो मेलं माझं लक्ष. दुकानात लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या, मान वर करायला सवड नव्हती.

मग एका संध्याकाळी काय बघते, अप्पा चष्मा नाकावर ओढून फोनवर काहीतरी टाइप करतायत आणि अव्वाला मोठ्यानं वाचून दाखवतायत. तू त्या दिवशी मोटरसायकलवरून लोणावळ्याला गेल्याचा फोटो टाकला होतास. अप्पांनी लिहिलं होतं, डोक्यावर टोपडं न्हाय घातलं ते, तुजं डोस्कं काय नारळ हाय व्हय, फुटलं की दुसरा आणायला. वाचून झाल्यावर अव्वाला विचारलं, कसलं हाय गं, लाल का हिरवं? आणि अव्वा लसूण सोलता सोलता गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, लाल. अप्पांनी पुसलं. परत लिहिलं, मोटरसायकल जपून चालव, न्हाईतर किल्ली काढून घेईन. अव्वा म्हणाली, अजून लालच हाय. शेवटी फोटो छान आला आहे असं लिहून झालं आणि त्याच्यापुढं एक फूल. अव्वा म्हणाली, आता झालं हिरवं. मी बरणी पुसता पुसता ऐकत होते आणि मला हसू आवरेना. आपल्या अडाणी अव्वानं घरातल्या घरात तुझं मशीन चालू केलं होतं, आणि खरं सांगते, तुझ्या मशीनपेक्षा ते बरं चालत होतं. एकही चूक नाही तिची. रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. अप्पा लिहितात, अव्वा रंग सांगते, अप्पा पुसतात. मग जे गुळमुळीत उरतं ते तुला येतं.

मला सुरुवातीला गंमत वाटली, मग कसंतरी व्हायला लागलं. का ते लगेच उमगलं नाही. एके दिवशी जोतीराम दुकानात आले आणि अप्पा उठून उभे राहिले, या, बसा, बरं आहे ना, ऊन फार आहे, सरबत घ्या. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अप्पांनी त्यांना अजून एकदाही अरे म्हटलेलं नाही की कधी आवाज चढवला नाही. ते बिचारे कधी कधी मला म्हणतात, तुझे वडील रेवणला कशा शिव्या घालतात, मला एकदा तरी घालायला पाहिजे होत्या, घरातला झालो असं वाटलं असतं. मी हसण्यावारी न्यायचे. त्या दिवशी अप्पांचं ते या बसा कानावर पडलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. अप्पा तुझ्याशी जावयासारखं बोलायला लागलेत, रेवण. आपल्या घरात गोड बोलायचं ते पाव्हण्याशी. तू पाव्हणा झालास आणि तुला वाटतंय की वडील मवाळ झाले.

त्या दिवशी जोतीराम गेल्यावर मी अप्पांना सरळ विचारलं. म्हटलं, अप्पा, हे काय चालवलंय तुम्ही, रेवणला नीट शिव्या का घालत नाही? आधी टाळलं. मग हळू आवाजात सांगितलं. अप्पांना असं वाटतं की तुझं ते मशीन अजून चालूच आहे. आपल्या ग्रुपवर जे जे येतं ते रोज तुझ्या ऑफिसात जातं आणि तिथं प्रत्येकाच्या नावापुढं रंग लागतो. साहेब सकाळी आले की बघतात, कुणाच्या घरचं कसं आहे. एसटीत त्यांनी सगळी नोकरी केली, आणि तुला माहीत आहे, त्यांच्या सर्व्हिस बुकात एकही लाल शेरा नाही. त्याचा त्यांना केवढा अभिमान. डेपोत कुणाला लाल शाईनं शेरा मिळाला की त्याची बढती अडायची, लोक त्याच्याकडं बोट दाखवायचे. लाल रंग म्हटला की अप्पांना तेच आठवतं. माझ्या नावापुढं लाल लागलं ते लागलं, पण पोराच्या कागदाला माझा लाल शेरा नको, असं म्हणाले. उद्या साहेब म्हणंल, बाप असला तर पोरगं कसलं असंल. मी त्यांना हज्जारदा समजावलं की तसं काही नसतं, तुझ्या साहेबाला दुसरे उद्योग आहेत, ते एकदाच गमतीनं झालं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांचं एकच, साहेबानं बगितलंय, रेवणनंच सांगितलंय.

तुझ्यावर मी रागावलेली नाही. तू काही वाईट बुद्धीनं केलं नव्हतंस, आणि हसण्यात मी सगळ्यांच्या पुढं होते. पण त्या मशीनला आपल्या घरचं काय ठाऊक? त्याला दिसलं मर, आंधळा हो, उपाशी बस, आणि त्यानं आपलं लाल लावून टाकलं. अप्पांच्या गाडीनं जाणाऱ्या मैंदर्गीच्या माणसांना विचारायचं होतंस. अप्पा रिटायर झाले तेव्हा तू परीक्षेमुळं आला नव्हतास, म्हणून तुला हे माहीत नाही. शेवटच्या फेरीला मैंदर्गीच्या स्टॅंडवर लोक हार घेऊन उभे होते. त्यात गोजरबाई होती, ती अक्कलकोटच्या बाजारला भाजीची पाटी घेऊन जायची ती. सबंध रस्ताभर अप्पा तिला बोलायचे, म्हातारे दारात नको बसू, पडशील, मरशील, माज्या गाडीला डाग लावशील. तिनं अप्पांच्या गळ्यात हार घातला आणि रडायला लागली. म्हणाली, आता आमाला दारातनं उठा म्हनून कोन सांगनार? नवा डायव्हर फार सभ्य होता म्हणे. तो कुणालाच काही म्हणायचा नाही. गोजरबाईनं नंतर एसटीनं जायचंच सोडलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ज्या दिवशी तू ग्रुपवर टाकलंस की जर्मनीचं नक्की झालं, पुढच्या महिन्यात जायचंय, दोन वर्षांसाठी, त्या दिवशी अप्पा संध्याकाळी नेहमीच्या जागेवर बसले आणि लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. चहा निवला. मग अव्वाला वाचून दाखवलं. मी पलीकडं डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला आणि तो मी तुला तसाच सांगते. जर्मनी म्हंजे काय अक्कलकोट हाय व्हय रे, सकाळी जाऊन संध्याकाळी यायला? घरात इचारायची पद्धत हाय का न्हाय? का आमी मेलो? तितं बरफ पडतंय म्हनं. तुला मैंदर्गीच्या थंडीत पडसं हुतं, तितं काय करशील? कानटोपी हाय का? न्हाय. अक्कल हाय का? ती बी न्हाय. भाकरी कोन करून घालनार हाय तितं, तुजा साहेब? गुमान घरी ये, तोंड दाखीव, मग जा कुटं जायाचं तितं. न्हाय आलास तर तंगडं मोडून हातात दीन.

वाचून झालं. अप्पांनी विचारलं, कसलं हाय? तेव्हा ती म्हणाली, लाल हाय. लालभडक हाय. पर धाडा की, आपलं पोरगं हाय.  अप्पा म्हणाले, आता तर परदेशाचं काम, आता लाल नको. आणि पुसलं सगळं. एकेक अक्षर पुसत बसले, त्यांना एकदम पुसायचं माहीत नाही. आणि मग तुला जे आलं ते लिहिलं. अभिनंदन. खूप छान. सवडीने ये, बाळा. पुढं एक फूल.

तू ते वाचलंस आणि समजलास की अप्पांना काही वाटलं नाही. तू भेटायला यावंस अशी घाईसुद्धा नाही त्यांना. म्हणून तू मला म्हणालास की व्हिसाची धावपळ आहे, खोली रिकामी करायची आहे, सोलापूरला यायला जमेलसं वाटत नाही, पुण्याहूनच मुंबईला जाऊन विमान पकडतो, अप्पापण म्हणालेत सवडीने ये. रेवण, तुझ्या मशीनला न कळो, तुला तरी बाळा हा शब्द कळायला हवा होता. अप्पांनी तुला उभ्या आयुष्यात बाळा कधी म्हटलंय? मला एकच वेळ आठवते. तू तिसरीत होतास, मी आठवीत. भर शाळेत अप्पा डायव्हरच्या खाकी कपड्यात आले, तुझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, बाळा, दप्तर घे, घरी जायचंय. तू तिथंच भोकाड पसरलंस. काय झालंय हे तुला कुणी सांगितलंही नव्हतं. अज्जा, अप्पांचे वडील, गेल्याचं आपल्याला घरी आल्यावर कळलं. पण अप्पांचा आवाज मऊ झालाय म्हणजे काहीतरी गेलंय, एवढं तुला तिसरीत असताना कळलं होतं. मला वाटतं, त्या दिवशी गुलाबाच्या फुलाशेजारचं बाळा वाचूनही तुला ते वर्गाचं दार आठवलं असणार, म्हणूनच तू मला तो फोन केलास. खोटं असेल तर सांग.

बाकी इकडं सगळं बरं आहे, उगाच काळजी करत बसू नकोस. अव्वाचे गुडघे आहेत तसेच आहेत, पण भाकरी थापायला बसली की तिला त्यांची आठवण राहत नाही. तुझी भाची आरोही कन्नडचे चार शब्द शिकून आलीय आणि अव्वाशी कन्नडमध्ये भांडते. लातूरच्या पाव्हण्यानं या महिन्यात मेहुण्यालासुद्धा चटणी खाऊ घातली, दोघंही रडले म्हणे. तू जातोयस याचं मला वाईट वाटत नाही, हे मात्र मनापासून सांगते. चांगलं झालं. तू जाणार, शिकणार, मोठा होणार, मला फार आनंद आहे. अप्पांनाही आहे. परवा डेपोतल्या जुन्या मित्रांना सांगत होते, आमचं येडं जर्मनीला निघालंय. असं म्हणताना त्यांची मान अशी ताठ झाली होती की शर्टाची कॉलर मोडली.

तर आता मी हे पत्र कशासाठी लिहिलं ते ऐक. मला तुझ्याकडून एक काम हवंय. अप्पांना फोन करून, अप्पा पूर्वीसारखं बोला, मशीन बंद आहे, असलं काही समजावू नकोस. ते ऐकून घेतील, हो म्हणतील आणि अजून एक फूल पाठवतील. त्याऐवजी असं कर. रविवारी संध्याकाळी अप्पा मैंदर्गीहून आलेले असतील, दुकानात बसलेले असतील. बरोबर त्या वेळी ग्रुपवर लिही, की सोलापूरला येणं जमत नाही, आणि चटणीचं म्हणाल तर जर्मनीला न्यायला इथल्याच मॉलमधून शेंगा चटणी घेतली, जरा साखर असते तिच्यात, पण मला आवडली. एवढंच लिही आणि गप्प बस. अप्पांना हे सोसणार नाही. त्यांचा तोंडाचा पट्टा सुटेल, ते लिहितील, आणि नेहमीसारखं अव्वाला वाचून दाखवून विचारतील, लाल का हिरवं. माझं अव्वाशी बोलणं झालंय. ती म्हणाली, काय बी लिवू दे, मी हिरवं म्हनते आन धाडाच म्हनते. साहेबाचं मी बगून घेते. तेव्हा तुला जे येईल ते पूर्ण वाच, रंग बघत बसू नकोस, आणि मिळेल ती पहिली गाडी पकडून घरी ये. आल्यावरही दारातच बरंच ऐकून घ्यावं लागेल, पायताण काढेपर्यंत. ऐकून घे. आणि हो, या असल्या उन्हात अप्पा परवा तीन दुकानं फिरले आणि लोकरीची कानटोपी घेऊन आले. दुकानदार तोंडावर हसला म्हणे. तुझं डोकं केवढं आहे ते कुणालाच आठवेना, म्हणून जोतीरामांना खुर्चीत बसवून त्यांच्या डोक्यावर घालून बघितली. ते घामानं निथळत होते, पण सासऱ्याला नाही कसं म्हणणार. कानटोपी माझ्या पार्सलमध्ये घालू का म्हणून विचारलं तर अप्पांनी दिली नाही, कपाटात ठेवलीय. तुझ्या डोक्याला बसते का ते तू येऊनच बघ.

तुझीच, तुला झोळीत असल्यापासून ओळखणारी,
श्रीदेवी अक्का